केदारकुंड धबधबा : खाली ऊन असतानाही पाणी अचानक का वाढते?

पावसाळ्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी येथे चंडिकादेवीचे दर्शन घेऊन अनेक जण केदारकुंड धबधब्याकडे वळतात. तिथे जाण्यापूर्वी हे जाणून घ्या.

पाणी कुठून येते?
डोंगरावरच्या पठारावरून. उतार तीव्र आणि खडक कठीण असल्याने जोरदार पावसाचे पाणी जिरण्याऐवजी वेगाने खाली येते. त्यामुळे कुंडाजवळ ऊन असले, तरी वर पाऊस झाला की प्रवाह फुगतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे डोंगरी आणि तितूर नद्यांचा पूर चाळीसगाव शहरात शिरला होता.

वारसा कोणता?
गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापन केला. पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

वन्यजीवांचे काय?
हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. येथे बिबट्याचा वावर असल्याने अंधारापूर्वी परतावे.

धोका कसा ओळखाल?
पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सेल्फीसाठी थांबू नका. लगेच काठ सोडून उंच जागी जा आणि ओढा ओलांडू नका.