खारेपाटणचा कैदी

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येताना रत्नागिरी जिल्हा संपतो आणि सिंधुदुर्गाच्या हद्दीत खारेपाटण लागतं. बहुतेकांच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. गावालगतच्या टेकडीवर एक छोटा किल्ला आहे. तट-बुरूज आता फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे तो मुद्दाम बघायला जाणारेही थोडेच. पण 1660 सालच्या जानेवारीत या किल्ल्यात फिलिप गिफर्ड नावाचा एक इंग्रज कैदेत होता, आणि त्याच्यापायी शिवाजी महाराजांची माणसं आणि इंग्रज पहिल्यांदा हातघाईवर आले. प्लासीची लढाई तेव्हा 97 वर्षं दूर होती. मुंबई अजून पोर्तुगीजांकडे होती. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पायाही घातला गेला नव्हता. मालवणच्या कुरटे बेटावर ते काम सुरू झालं 1664 च्या नोव्हेंबरात. पुढची दीडशे वर्षं ज्या दोन सत्ता एकमेकींशी झुंजणार होत्या, त्यांची पहिली चकमक खाडीकाठच्या या गावातल्या एका कैद्यावरून व्हावी, याचं मला फार नवल वाटतं.

कैद्याला खारेपाटणलाच का ठेवलं असेल? उत्तर पाण्यात आहे. विजयदुर्गाच्या पायथ्याशी जी वाघोटणची खाडी समुद्राला मिळते, तीच आत चाळीसेक किलोमीटर वळणं घेत खारेपाटणपर्यंत येते. आज गाळाने तिची खोली गेली आहे, पण एके काळी हे भरभराटीचं बंदर होतं. शिलाहार राजा रट्टराजाचा इ. स. 1008 चा प्रसिद्ध ताम्रपट याच गावात सापडला. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरायचा आणि इथून गलबतांत चढायचा.

अशा खाडीत वाऱ्याइतकाच भरती-ओहोटीचा हिशेब लागतो. पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी खूप आतवर जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याला जोर नसतो. जडशीळ गलबत भरतीबरोबर आत घ्यायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून थांबायचं आणि पुढच्या भरतीला पुन्हा निघायचं, हा इथला रिवाज होता. म्हणजे समुद्रावर कितीही जोर असला तरी खाडीच्या टोकापर्यंत पोचेतो तो ओसरतो. ज्यांची सारी ताकद जहाजांत आहे अशांचा माणूस पकडला, तर त्याला ठेवायला खारेपाटणसारखी दुसरी जागा नाही.

आता गिफर्ड पकडला कसा गेला ते पाहू. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला. महिनाअखेरीस पन्हाळा महाराजांच्या हाती आला, आणि मराठी फौजा दक्षिण कोकणात उतरल्या. आदिलशाही अंमलदारांची पळापळ झाली. राजापूरच्या खाडीत अफजलखानाची मोठी गलबतं होती. ती आता जिंकणाऱ्याची, असा मराठ्यांचा दावा होता. राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि तिचा प्रमुख होता हेन्री रेव्हिंग्टन. वखारीचं येणं आदिलशाही अंमलदारांकडे अडकलेलं होतं, म्हणून रेव्हिंग्टनने त्या गलबतांच्या भानगडीत हात घातला आणि मराठ्यांचा सरदार दोरोजी याने ती मागितली तेव्हा देण्याचं नाकारलं. दोरोजीने खाडीच्या तोंडाशी असलेल्या जैतापुरात इंग्रजांचे दोन दलाल धरले. त्यांना सोडा म्हणून सांगायला फिलिप गिफर्ड किनाऱ्यावर उतरला, आणि तोही धरला गेला. तो शिपाई नव्हता, व्यापारी कंपनीचा नोकर होता. त्याची रवानगी खारेपाटणच्या किल्ल्यावर झाली.

रेव्हिंग्टनने थेट महाराजांना पत्र लिहिलं. त्यात गिफर्डच्या सुटकेची विनंती होती आणि दंडाराजपुरीच्या सिद्दीविरुद्ध मदत करण्याची तयारीही होती. महाराजांनी दोरोजीला दूर केलं, राजापुरात लुटलेला माल परत करण्याचा हुकूम दिला, आणि दलाल सुटले. गिफर्ड मात्र सुटला नाही. किल्लेदाराला पैसे हवे होते म्हणून त्याने कैद्याला अडकवून ठेवलं, असा इंग्रजांचा आरोप होता. ही हकीकत आपल्याला कळते ती इंग्रजांच्या पत्रांतून, त्यामुळे किल्लेदाराची बाजू काय होती ते त्यात येत नाही. पण एवढं दिसतं, की कैद्याची सुटका एका माणसाच्या हातात नव्हती. धरला एकाने, सोडण्याचा अधिकार दुसऱ्याचा, आणि दाराची किल्ली तिसऱ्याकडे. पन्हाळ्याच्या बाजूने निघालेला हुकूम घाट उतरून खारेपाटणला पोचेपर्यंत मधला प्रत्येक हात आपापला हिशेब करत असतो. ओलिसांच्या आजवरच्या बहुतेक प्रकरणांत सगळं अडतं ते याच तीन हातांच्या मधल्या जागेत.

फेब्रुवारीत किल्लेदाराने गिफर्डला साटवलीला हलवायचं ठरवलं. इथे नकाशा उघडावा. साटवली मुचकुंदी नदीकाठी, आजच्या लांजे तालुक्यात. खारेपाटण राजापूरच्या दक्षिणेला, साटवली उत्तरेला. म्हणजे कैद्याला घेऊन जाणाऱ्या मराठी पहाऱ्याला राजापूरच्या आसपासूनच पुढे जावं लागणार, आणि राजापुरात तर रेव्हिंग्टन बसलेला! खाडीच्या टोकाला जो कैदी इंग्रजांच्या आवाक्याबाहेर होता, तो खुष्कीच्या वाटेने आपणहून त्यांच्या दाराजवळून निघाला. रेव्हिंग्टनने तीस माणसं पाठवली. राजापूरपासून दहाएक मैलांवर त्यांनी पहाऱ्याला गाठलं आणि गिफर्डला बळाने सोडवून नेलं. दीड लाखाच्या फौजा उभ्या करणाऱ्या त्या शतकात तीस माणसांची ही झटापट कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. तरीही कंपनी आणि मराठे यांच्या इतिहासाचं पहिलं पान तेच आहे.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका धाडसाची गोष्ट झाली असती. ती संपली नाही, आणि मला खरं थक्क करतं ते पुढचं. मार्चमध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज आत अडकले. नुकतंच मैत्रीचं पत्र लिहिणारा रेव्हिंग्टन तोफ आणि कुलपी गोळे घेऊन जौहरच्या छावणीत गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती दारूगोळ्याची विक्री होती. गडावरून पाहणाऱ्यांना मात्र ते निशाण स्पष्ट दिसत होतं. जुलैत महाराज विशाळगडाकडे निसटले, आणि पुढच्या वर्षी, 1661 च्या मार्चमध्ये, ते स्वतः राजापुरावर आले. वखार लुटली गेली, पुरलेल्या धनासाठी तिची जमीन खणली गेली, आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद झाले. त्या कैद्यांत फिलिप गिफर्ड पुन्हा होता.

या वेळी वाटेत कोणी गाठणार नव्हतं. कैद्यांना ठेवलं वासोट्याला, कोयनेच्या घनदाट रानात. नंतर महाडजवळच्या सोनगडाला. पळण्याचा प्रयत्न फसला. काही जण कैदेतच मेले. रेव्हिंग्टनला आजारपणामुळे सुरतेला जाऊ दिलं, पण तो वाचला नाही. कैद्यांनी सुरतेला रागाची पत्रं पाठवली तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी त्यांनाच बजावलं, की तुम्ही कंपनीच्या मालाचं रक्षण करताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्यावर आपलं निशाण लावून गोळे टाकल्यामुळे ही वेळ तुमच्यावर आली आहे. आपल्याच धन्याने हात झटकले तर कैद्याची किंमत शून्यावर येते, हे त्या माणसांनी डोंगरातल्या कोठडीत बसून वाचलं. 1663 च्या फेब्रुवारीच्या सुमारास उरलेले सुटले. राजापूरच्या नुकसानीचा तंटा आणखी अकरा वर्षं रेंगाळला. 1674 च्या जूनमध्ये राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा झालेल्या तहात भरपाई ठरली 10,000 होन. वसुलीची कुरकुर त्यानंतरही चालूच राहिली.

म्हणजे बळाने केलेली सुटका एका दिवसात झाली आणि एक वर्ष टिकली. वाटाघाटीची सुटका दोन वर्षांनी झाली आणि टिकली.

हाच हिशेब आपल्या काळातही दिसतो. 25 जून 2006 ला गाझाच्या सीमेवर भुयारातून आलेल्या अतिरेक्यांनी गिलाद शालित या एकोणीस वर्षांच्या इस्रायली सैनिकाला पळवलं. तीन दिवसांत इस्रायलचे रणगाडे गाझात शिरले, पण शालित हाती लागला नाही. तो परतला 18 ऑक्टोबर 2011 ला, 1,027 कैद्यांच्या बदल्यात. जगातल्या अत्यंत सज्ज सैन्यांपैकी एकाला काहीशे चौरस किलोमीटरच्या दाट वस्तीत आपला एक माणूस पाच वर्षं सापडला नाही. वाघोटणच्या खाडीने जे काम केलं, ते तिथे गल्ल्या आणि भुयारांनी केलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आहे. 3 एप्रिल 2021 ला छत्तीसगडच्या विजापूर-सुकमा भागात माओवाद्यांच्या हल्ल्यात 22 जवान मारले गेले, आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा तुकडीचे राकेश्वर सिंह मन्हास त्यांच्या हाती सापडले. पाच दिवसांनी, गावकऱ्यांच्या भर सभेत, त्यांना सोडण्यात आलं. मध्यस्थ होते धर्मपाल सैनी, बस्तरमध्ये आदिवासी मुलींच्या शिक्षणात आयुष्य घातलेले नव्वदीतले गृहस्थ, आणि त्यांच्यासोबत गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया. सैनी विनोबांचे अनुयायी, आणि त्यांच्या आश्रमाला नाव आहे माता रुक्मिणी, विनोबांच्या आईचं. कोकणातल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाच्या विचाराने घडलेला एक वृद्ध बंदुकांच्या मधून चालत जातो आणि जवानाला घेऊन येतो. धरणारा, हुकूम देणारा आणि किल्ली सांभाळणारा या तिघांचाही ज्याच्यावर विश्वास बसेल असा माणूस सापडला, की महिने-वर्षांचं काम दिवसांत होतं. 1660 मध्ये राजापूर आणि खारेपाटण यांच्यामध्ये असा माणूस नव्हता.

तोफा, भुयारं, उपग्रह यांत साडेतीनशे वर्षांत केवढा फरक पडला, पण एक माणूस दुसऱ्याच्या कोठडीत असला की दोन्ही बाजूंच्या सत्तेला थबकावं लागतं, हे बदललेलं नाही. एका जिवाचं असं वजन असतं ही मला मानवजातीबद्दलची फार मोठी आणि दिलासा देणारी गोष्ट वाटते.

या साऱ्या पत्रव्यवहाराचा मराठी सारांश 1930 साली पुण्यात निघालेल्या शिवकालीन पत्रसारसंग्रहात वाचता येतो. वाचताना एक लक्षात ठेवावं: इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 1660 च्या फेब्रुवारीतलं पत्र मुळात 1659 चं म्हणून लिहिलेलं दिसतं. सिंधुदुर्गातल्या शाळांनी मुलांना मालवणचा किल्ला दाखवावाच. पण एक दिवस खारेपाटणलाही न्यावं, टेकडीवर बसवून खाडी, राजापूर आणि साटवली नकाशावर शोधायला लावावं. इतिहास कोणत्या वाटेने गेला आणि का, हे मुलांना तिथे कोणी न सांगता समजेल.