सेक्कीची तबकडी

पत्र्याची गोल तबकडी, व्यास २० सेंटिमीटर. तिचे चार भाग, आलटून पालटून काळे आणि पांढरे. मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी, खाली वजन. तळ्यात ती सोडत जायची. दिसेनाशी झाली की दोरीवरचं माप बघायचं. मग आणखी थोडी खाली सोडून हळूहळू वर ओढायची आणि पुन्हा दिसली की दुसरं माप. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या पाण्याची पारदर्शकता. गोड्या पाण्याची ओळख करून द्यायला मुलांच्या हाती यापेक्षा चांगलं यंत्र मला माहीत नाही. यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

अँजेलो सेक्की हे रोममधले जेझुइट धर्मगुरू. एरवी त्यांचं काम वेधशाळेत चाले. ताऱ्यांची वर्णपटावरून वर्गवारी लावणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचं नाव येतं. पोपच्या नौदलातले अधिकारी चाल्दी यांच्या बोलावण्यावरून एप्रिल १८६५ मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून पाहिल्या. काळा रंग नंतर आला. १८९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्ज व्हिपल यांनी तो दिला आणि तबकडी तळ्यांवर रुळली.

कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो सरोवरात १९६८ पासून ती नेमाने सोडली जाते. तेव्हा वर्षाची सरासरी सुमारे ३१ मीटर होती, अलीकडे ती विसाच्या आसपास आली आहे. रॉबर्ट कार्लसन यांनी तर १९७७ मध्ये शेवाळवाढीची एक मोजपट्टीच या खोलीवर बसवली. ६४ मीटरला शून्य, आणि खोली निम्मी झाली की गुण दहांनी वाढतात: ३२ ला दहा, १६ ला वीस, एक मीटरला साठ. पाचवीतलं पोर बोटांवर करील असा हिशेब.

पण आपल्याकडे हा हिशेब जपून करावा. पावसाळ्यात गावतळं चहासारखं होतं, तबकडी वीतभरावर गडप होते, आणि त्यात शेवाळाचा काही दोष नसतो. तबकडी कुठे दिसेनाशी झाली एवढंच दोरी सांगते. का झाली, ते शोधायला लावणं हाच खरा धडा. त्याला एक काचेची बाटली पुरते. पाणी भरून रात्रभर हलवायची नाही. सकाळी तळाशी थर आणि वर बऱ्यापैकी निवळ पाणी असेल तर गाळ. पाणी हिरवंच राहिलं तर शेवाळ. (अगदी बारीक चिकणमाती मात्र दिवसेंदिवस तरंगत राहते आणि मुलांसमोर मास्तरांची फजिती करते.) मग आपसूक पुढचे प्रश्न येतात. उजेड इतकाच खाली जात असेल तर पाणवनस्पती किती खोलवर वाढतील? डोळ्यांनी भक्ष्य हेरणारा मासा काय करील? जूनमध्ये एक माप आणि डिसेंबरमध्ये एक, एवढ्या नोंदीही वहीत असल्या तर वर्गात वाद रंगतो.

काठावरून डोकावून माप घेऊ नका, मुलं वाकतात. घाट किंवा पक्का धक्का गाठा, सोबत मोठं माणूस हवंच. वेळ दहा ते तीनच्या दरम्यानची. सावलीच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे पाण्यावरची चकाकी आड येत नाही.

आणि दोरी आधी भिजवून घ्या, गाठी मग मारा. ओल्या नायलॉनला ताण बसला की ती लांबते आणि माप चुकतं.