चाळिशीत दातांना तार

वाशिमच्या दवाखान्यात तारवाले डॉक्टर रोज नसतात; ठरलेल्या वारी ते अकोल्याहून येतात. त्या दिवशी बाकावर गणवेशातली पोरं जास्त, पण अलीकडे त्यांच्या शेजारी शिक्षक, दुकानदार, लेकुरवाळ्या बायाही बसलेल्या दिसतात. मीही तिथे बसलो, कारण माझे वरचे दात खालच्यांना जवळपास पूर्ण झाकत होते आणि जेवताना टाळूला टोचायला लागलं होतं. घरून निघताना मावशीनं विचारलंच होतं, "आता ह्या वयात कायले तार लावता भाऊ?"

प्रश्न रास्त होता. वरचे दात खालच्यांवर दोन-तीन मिलिमीटर येणं स्वाभाविकच असतं. त्याहून खोल चावा असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर सुखानं भाकरी खातात. त्यांनी दातांना हात लावायचं कारण नाही.

माझं काय, ते मापं घेतल्यावर कळलं. ट्रेमध्ये लगदा भरून डॉक्टरांनी तो तोंडात दाबून धरला. उमासा येऊ नये म्हणून नाकानं श्वास घ्या म्हणाले. काही मिनिटांत तो घट्ट झाला. मग त्यात प्लॅस्टर ओतून दोन्ही जबड्यांचे पांढरे नमुने निघाले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ते एकमेकांवर मिटवले आणि फिरवून मागच्या बाजूनं दाखवले. खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांमागच्या हिरडीत रुतल्या होत्या. आरशात ही बाजू कधीच दिसत नाही. तोवर मी चेहरा बरा दिसेल का, याचाच विचार जास्त करत होतो. आता हे असंच राहू दिलं तर काय, हे विचारावं लागलं. कडा झिजत जातील, हिरडी चेपून मागे सरेल, असं उत्तर मिळालं.

तार मात्र लगेच नाही. आधी बारीक खुणा असलेल्या सळईनं प्रत्येक दाताभोवतीची हिरडी मोजली. हिरडीला सूज असताना दात सरकवले तर भोवतीचं हाड झपाट्यानं जातं, म्हणून आधी सफाई. आमच्या भागात खर्रा हा मोठा अडसर आहे. खर्र्यातल्या सुपारीनं गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासं होतं. मग तार बसवायला हातच आत जात नाही. खर्रा खाणाऱ्यानं तारेच्या आधी तो सोडावा, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

वयाची अडचण वेगळीच. दात कोणत्याही वयात सरकतो: ज्या बाजूला दाब, तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. पण जबड्याची वाढ थांबलेली असते. मुलांमध्ये त्या वाढीचा उपयोग करून घेता येतो. मोठ्यांना आहे त्या जबड्यात दात जुळवून घ्यावे लागतात, कधी त्यासाठी दोन-चार दात काढावे लागतात, नाहीतर शस्त्रक्रियेनं जबडाच पुढे-मागे करावा लागतो. माझा खालचा जबडा किंचितच मागे होता, म्हणून शस्त्रक्रियेला मी नकार दिला.

खर्चाचं म्हणाल, तर दवाखान्यात हप्ते मिळतात. सोयाबीन विकल्यावर मोठा हप्ता भरणारे पुष्कळ आहेत. १९६८पासून चालणारं नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय स्वस्त पडतं, पण ते दोनशे किलोमीटरहून लांब, आणि फेरी महिन्या-दीड महिन्याला. पेरणीत, सोंगणीत फेऱ्या चुकल्या की काम लांबतं.

शेवटी मी तार लावली. वरचे दात खालच्या तारेवर आदळू नयेत म्हणून दाढांवर सिमेंटचे छोटे उंचवटे बसवले. तेवढेच एकमेकांना टेकत, बाकी तोंड अधांतरी. पहिले काही आठवडे खिचडी आणि दुधात कुसकरलेली भाकरी, एवढंच जमलं. फुटाणे आणि ऊस बंदच. हे सारं साधारण दीड-दोन वर्षं चालतं.

आणि तार निघाली म्हणजे संपलं नाही. दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री वर्षानुवर्षं लावावा लागतो. दात टाळूला लागत असतील, हिरड्या धड असतील आणि रिटेनरची ही तयारी असेल, तर चाळिशीतही तार जरूर लावा. तयारी नसेल, तर पैसे खर्च करू नका.