भातसेच्या काठी जोते घालताना

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंदच्या मध्ये खडवली लागते. कल्याण तालुक्यातले हे गाव भातसा नदीच्या काठी आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर आटतात, पण भातसा भर उन्हातही वाहती असते. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथे उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवले जाते. मे महिन्यात खडवलीला सहलीची गर्दी होते ती या पाण्यामुळे. काठावर फार्महाऊस, रिसॉर्ट किंवा दुसरे घर बांधायला जागा शोधणारा माणूसही बहुधा याच दिवसांत येतो. त्याला दिसते ती शहराची तहान भागवणारी, मोजून सोडलेली नदी. पावसाळ्यातली भातसा त्याने पाहिलेली नसते, आणि जागेची निवड तिथेच चुकते.

पावसाळ्यात या खोऱ्याला दोन्ही बाजूंनी ताण बसतो. वर घाटमाथ्याचा पाऊस काही तासांत नदीत उतरतो, आणि धरण भरलेले असेल तर दरवाजे उघडून विसर्ग वाढवावा लागतो. खाली भातसा काळू नदीला, काळू उल्हासला आणि उल्हास कल्याणच्या पुढे खाडीला मिळते. खाडीत भरती असली की तिथल्या पुराला वाट मिळत नाही आणि पाणी काठावर पसरते. २६ जुलै २००५ च्या पावसाने उल्हासकाठची गावे-शहरे बुडवली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर आठ दिवसांनी, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पुराने वेढले. तिथल्या ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलून आणले.

पुराच्या जमिनीवर काय बांधायचे आणि काय नाही, हे ठरवण्यासाठी महाराष्ट्रात पूररेषा आखतात. पाटबंधारे खात्याने त्याचे नियम १९८९ मध्ये परिपत्रकाने घालून दिले. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे साधारणपणे निळी रेषा, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध असतो. तिथे शेती, बाग, मैदान चालते, राहते घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषांमधल्या नियंत्रित पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवून बांधकाम करता येते.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र मोठी फसगत होते. एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ घेतला जातो. खरा अर्थ असा, की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते, आणि यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले, तर त्या काळात निळी रेषा एकदा तरी भिजण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेसाठीही ती २६ टक्के भरते. शिवाय नदी अंतर जाणत नाही, पातळी जाणते. पात्रापासून ५० मीटरवरची उंच जागा कोरडी राहू शकते, तर ३०० मीटरवरचा सखल तुकडा ओढ्यातून उलट्या चढणाऱ्या पाण्यात बुडू शकतो. नकाशावरची रेषा आपल्या प्लॉटवर नेमकी कुठे पडते, हे लेव्हल लावून मोजल्याशिवाय कळत नाही. पुरानंतर करंज-उंबराच्या फांद्यांत अडकून राहिलेला पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या चिंध्याही पाण्याची उंची दाखवतात. गावातल्या जुन्या माणसांना ती खूण विचारावी.

सखल जागेवर मुरूम-मातीचा भराव टाकून ती उंच करायची, हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत घातक उपाय. भरावाने अडवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर, शेजारच्या शेतात किंवा वरच्या वस्तीत चढते. आपले अंगण कोरडे ठेवण्याची किंमत दुसऱ्याच्या घराने चुकवावी, हे कोणत्याही नियमात न बसणारे आहे. त्यापेक्षा खांबांवरचे घर बरे. खालचा मजला मोकळा, तिथे फक्त गाड्या, आणि पाण्याला आरपार जायला वाट.

पूर निदान ओसरतो. काठ तुटला तर जमीनच जाते, आणि सातबाऱ्यावरचा आकडा तेवढा मागे उरतो. नदी वळणावर बाहेरचा काठ कापते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते, म्हणून बाहेरच्या वळणावरचा प्लॉट दिसायला कितीही देखणा असला तरी जोखमीचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचे वजन साधारण ६४ पट होते. उन्हाळ्यात वाळूही न हलवणारा प्रवाह पुरात धोंडे लोटतो तो यामुळे. काठ कापला जातो तो पायथ्याशी, पाण्याखाली, नजरेआड. वरचा मातीचा थर काही दिवस लोंबत राहतो. पूर चढताना काठाला पाण्याचा टेका असतो. पाणी झपाट्याने उतरले की टेका निघतो, पण माती आतून चिंब आणि जड असते, आणि अशा वेळी काठाची अख्खी फळी पात्रात बसते. म्हणून पाणी ओसरल्यावर लगेच काठावर उभे राहू नये. पात्रातून रेती उपसली तर तळ खोल जातो, काठाचा पाया उघडा पडतो आणि हेच सारे लवकर घडते.

काठाला काँक्रीटची उभी भिंत घातली की सुरक्षित वाटते, पण पायथा पुरेसा खोल नेला नाही तर प्रवाह तिच्याखालून माती काढतो. मागचे पाणी बाहेर पडायला भिंतीत छिद्रे नसली तर पाण्याचा दाब ती पुढे लोटतो. भिंत संपते तिथे प्रवाह वळसा घेऊन शेजाऱ्याचा काठ खातो. काठ उतरता करून दगडी पिचिंग करणे किंवा जाळीत दगड भरून रचणे जास्त टिकते, कारण पाया थोडा खचला तरी दगड खाली बसून जागा भरतात. त्याच्या वर वाळा, बांबू, निरगुडी, आणि मागे करंज, उंबर, जांभूळ. मुळांचे जाळे माती धरते आणि फांद्या काठालगतचा वेग मोडतात. नदी दिसावी म्हणून काठची झुडपे साफ करणारा मालक स्वतःच्या जमिनीची वीण उसवत असतो. नेदरलँड्ससारख्या देशानेही २००६ पासून अनेक ठिकाणी बांध मागे सरकवून नदीला जागा परत दिली. नायमेखन शहरात तर बांध सुमारे ३५० मीटर मागे नेला.

कल्याणला पोहोचल्यावर प्रश्न थोडा बदलतो, कारण तिथे भरती-ओहोटीचे पाणी येते आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकिनारा विकसित करताना पदपथ, बाके, हिरवळ अशा भिजल्या तरी धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या गोष्टी पाण्याजवळ आणि विजेची यंत्रणा उंचावर, हा क्रम पाळणे महत्त्वाचे. भरतीच्या लाटा झेलणारी तिवरे तोडून तिथे भिंत उभी करणे म्हणजे फुकटचे संरक्षण काढून विकतचे घेणे.

निळ्या रेषेत आधीपासून असलेल्या घरांना हलणे दर वेळी शक्य नसते. तिथे विजेचा मीटर आणि जोडण्या पुराच्या जुन्या खुणेच्या वर न्याव्या लागतात. संडासाच्या टाकीचे झाकण घट्ट बसवावे लागते आणि पाणी उलटे चढू नये म्हणून नळीला झडप घालावी लागते. धान्य, कागदपत्रे आणि औषधे वरच्या फळीवर हवीत. खडवली-पडघा रस्त्यावरचा भातसेचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडची वाट बंद होते, म्हणून धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आल्याबरोबर निघावे लागते. रिसॉर्टमधल्या पाहुण्यांना ही वाट ठाऊक नसते. नदीकडे जाणारी पायरी कोणत्या पातळीला बंद करायची आणि भोंगा वाजल्यावर कोणत्या उंच जागेवर जायचे, हे फलकावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिणे मालकाचे काम आहे.