सामान्य ज्ञान : आपल्या बुऱ्हाणपूरपासून सुरुवात



सामान्य ज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देशांच्या राजधान्या, सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब नदी अशी यादी येते. मुले ती धडाधड म्हणून दाखवतात आणि आम्हालाही कौतुक वाटते. पण ताजमहाल कोठे आहे हे सांगणाऱ्या मुलाला मुमताज महल कोठे वारली असे विचारले, तर तो पुष्कळदा गप्प होतो. उत्तर तर तापीच्या काठावरच आहे! म्हणून या अंकात आम्ही विज्ञान, इतिहास, कला, संगीत आणि क्रीडा यांची सहल घरापासूनच काढायचे ठरवले आहे.

विज्ञान : विजेशिवाय वाहणारे पाणी

कुंडी भंडारा (लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात) सुमारे १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या काळात तयार झाला. तो बांधवून घेतला अब्दुल रहीम खानखानान यांनी. या कामी तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराचे नाव सांगितले जाते. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे सरकते. ते पाणी भुयारात घेऊन शहराकडे आणले. भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा थोडा कमी ठेवला, की खोलवरचे पाणी पुढे जाता जाता आपोआप वर, जमिनीच्या जवळ येते. मोट नको, पंप नको, वीज नको. शंभराहून अधिक उभ्या कुंड्या कशासाठी? खोदताना माती वर काढायला, आत हवा-उजेड जायला आणि पुढे साफसफाईला.

भुयाराच्या भिंतींवर पांढरट थर दिसतो, तो चुन्याचा. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते आणि वाटेतला चुना विरघळवते. मोकळ्या हवेत तो वायू निघून गेला की चुना पुन्हा भिंतीवर बसतो. घरी पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी बसणारा थर हा त्याचाच भाऊ!

अशी व्यवस्था भारतात फक्त आपल्याकडेच आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. पण कर्नाटकातील बीदरला अशीच भुयारे आहेत आणि छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरची नहर-ए-अंबरी आहे. 'एकमेव' म्हटले नाही म्हणून आपला कुंडी भंडारा लहान होत नाही. २०२४ साली त्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले.

इतिहास : नोंद कोणती, दंतकथा कोणती?

१७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर मुमताज महल येथे वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेले. ही झाली नोंद. 'ताजमहाल बुऱ्हाणपुरातच व्हायचा होता, पण इथल्या मातीत वाळवी निघाली' ही झाली सांगोवांगीची गोष्ट. गोष्ट जरूर सांगावी, पण 'असे सांगतात' हे दोन शब्द जोडून.

आपल्या मराठी घरांना जवळचा आणखी एक दुवा पाहा. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली बुऱ्हाणपुरातच वारले. पुस्तकातला तो तह आणि आपले गाव यांच्यामध्ये फक्त दोन वर्षे आहेत!

कला : दगडावरचे गणित

फारुकी सुलतान आदिलशहा (राजा अली खान) याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात शके १५११, विरोधी संवत्सर, पौष महिना अशी आपल्या पंचांगाची तिथी आहे. आता गणित करा. शकात ७८ मिळवले की १५८९ येते. पण पौषातली ही तिथी इंग्रजी नवे वर्ष लागल्यानंतर पडली, म्हणून साल निघते १५९०. नुसते ७८ मिळवून थांबणाऱ्याचे उत्तर एका वर्षाने चुकते.

साहित्यातही आपले गाव आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीत (१८७३) आगगाडी दुपारी बुऱ्हाणपूरला थांबते आणि नायकाचा नोकर येथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या चपला विकत घेतो. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० मध्ये जोडला गेला होता. नव्या रेल्वेच्या बातमीतून अशी कादंबरी उभी राहते.

संगीत : एकच वर्ष, दोन आवाज

किशोर कुमार यांचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ चा, आपल्या शेजारच्या खंडव्याचा. लता मंगेशकर यांचा २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. दोन महिन्यांच्या आत निमाड-माळव्याने देशाला दोन आवाज दिले. पंडित कुमार गंधर्व जन्माने कर्नाटकातील सुळेभावीचे. क्षयाच्या आजारामुळे ते १९४८ मध्ये देवासला आले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गायकीत उतरली.

क्रीडा : शेवटची जोडी आणि तेवीस वर्षे

सागरला जन्मलेले चंदू सरवटे होळकर संघाचे खेळाडू. मे १९४६ मध्ये ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध ते आणि शुटे बॅनर्जी दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आले. दोघांनी शतके ठोकली आणि शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. गंमत म्हणजे सरवटे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही होते!

चंद्रकांत पंडित १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना हरले. २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने मुंबईला हरवून प्रथमच करंडक जिंकला. 'मध्य प्रदेशने रणजी जिंकलेली नाही' असे छापलेले जुने पुस्तक त्या दिवशी चूक ठरले. तसेच 'बुऱ्हाणपूर, जिल्हा खंडवा' हे उत्तर १५ ऑगस्ट २००३ ला आपला जिल्हा झाला तेव्हा चूक ठरले. म्हणून पुस्तक कोणत्या सालचे हे आधी पाहावे.

जाता जाता

कुंडी भंडारा बांधवणारे खानखानान कोण, ओळखलेत का? हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे तुम्ही पाठ करता ते रहीम हेच! पाण्याचे मोल सांगणारा त्यांचा दोहा परीक्षेत लिहायचा आणि त्यांनीच दिलेल्या पाण्याच्या कुंडीत कचरा टाकायचा, हे ज्ञान कसले? वरची झाडी गेली, भूजल खाली उतरले, कुंड्या बुजल्या, की चारशे वर्षांचा प्रवाह आटायला वेळ लागणार नाही. तो पुन्हा खोदायला तबकुतुल अर्ज येणार नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, या महिन्यात आजी-आजोबांना गावाविषयी एक गोष्ट विचारा आणि वहीत लिहा. पुढे 'नोंद' की 'असे सांगतात' तेही लिहा. पालकांनी एका रविवारी मुलांना कुंडी भंडारा दाखवावा. विश्वस्त मंडळास विनंती की वार्षिक प्रश्नमंजूषेत एक फेरी बुऱ्हाणपूरची असावी. जगाची उत्तरे आमची मुले देतीलच, पण सुरुवात दारापासून व्हावी.