घरोघरी विज्ञान : पाटीवर एक, तारेत दुसरंच

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाचा कॉम्प्रेसर बंद करायला 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं एमसीबी (बोर्डावरचा छोटा स्विच) खाली पाडावं, आणि शेजारच्या गाळ्यातले पंखे थांबावेत. असं का होतं?

आधी पाण्याचं उदाहरण घेऊ. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीतून रोह्याकडे येतं. नदीचा कालवा, कालव्याचे पाट, पाटांवर दारं. इमारतीतली वीजही अशीच वाटली जाते : मीटर, मुख्य स्विच, मजल्याचं बोर्ड, मग एकेक गाळा. हे सारं एका कागदावर मांडतात, तो सिंगल लाइन डायग्राम. थ्री-फेजच्या साऱ्या तारा त्यात एकाच रेघेने दाखवतात, कारण इथे प्रश्न एवढाच असतो : कोण कुणाला वीज देतं आणि कुठे तोडता येते?

गाळे बदलतात, एसी येतो, तारा नव्या जोडल्या जातात; कागद मात्र जुनाच राहतो. खरा धोका जनरेटरचा आणि इन्व्हर्टरचा. मुख्य स्विच पाडला तरी त्यांच्याकडून काही तारांत वीज येतच राहते. कागदावरच्या या नकाशात तो दुसरा उगम नसेल, तर वायरमन जिवंत तारेला हात घालतो. म्हणूनच मला हा कागद अग्निशामक नळकांड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. रोह्याजवळच्या धाटावमधल्या रासायनिक कारखान्यांत तर ठिणगीसुद्धा महागात पडते.

बदल झाला त्याच दिवशी नकाशा दुरुस्त करावा, तारीख घालावी, एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी. जुना नकाशा असेल, तर एकेक एमसीबी पाडून काय बंद पडतं ते टिपत जावं. आणि काम सुरू करण्यापूर्वी, नकाशा काहीही सांगो, टेस्टर लावायचाच.