"एक सुई टोचा, साहेब"

करवीर तालुक्यातल्या एका गावी व्हिजिटला गेलो होतो. तिशीतला गडी, उसाच्या ट्रॉलीवरून पडून मणका मोडलेला, कमरेखाली सारं बधिर. दीड वर्ष खाटेवर. मी बॅग उघडताच म्हणाला, "साहेब, एक सुई टोचा आन् मोकळं करा." दारातून थोरला भाऊ म्हणाला, "त्येचंबी हाल संपतील, आमचंबी." वाचकहो, खरं सांगतो, पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही क्षणभर मला ते पटलं.

मग त्याला कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढा शय्याव्रण. लघवी तुंबून ताप. संडास परसात, तिथवर उचलून न्यावं लागतं म्हणून दुपारचं जेवण त्यानं आपणहून सोडलेलं!

अरुणा शानबाग यांच्या खटल्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांनी त्यांना 2015 पर्यंत, तब्बल बेचाळीस वर्षे सांभाळले. 2018 साली न्यायालयाने मरणासन्न रुग्णाचे कृत्रिम उपचार काढून घेण्यास आणि तसे आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. सुई टोचून मारणे मात्र आजही गुन्हाच आहे. शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर रुग्णाच्या नळ्या काढायला माझी हरकत नाही. पण माझा हा गडी मरणाला टेकलेला नव्हता.

कॅनडाने 2016 साली वैद्यकीय मदतीने मरण्याचा कायदा केला, तो मरणासन्नांसाठी होता. 2021 मध्ये मरण जवळ नसलेल्या अपंगांनाही तो लागू झाला. तिथल्या अपंग संघटना याविरुद्ध उभ्या राहिल्या. अमेरिकेत तर 1996 पासून 'नॉट डेड यट', म्हणजे 'अजून मेलो नाही', अशा नावाचीच संघटना आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. धडधाकट माणूस मरतो म्हणाला तर तुम्ही त्याला समजावता, मानसोपचारतज्ज्ञाकडे नेता. आम्ही म्हणालो की 'बिचारा, सुटेल' म्हणता. हक्क मागणारे अपंगही आहेत, नाही असं नाही. पण त्या खाटेपाशी मला पहिलं म्हणणंच आठवलं, आणि लाज वाटली.

आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांना ऐन सोळाव्या वर्षी पंगुत्व आलं. त्यांनी नोकरी केली, 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, अपंग मुलांसाठी वसतिगृह काढलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र मी भावाच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं की नाही, देव जाणे.

कामाचं तेवढं सांगतो. खाटेवरच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर भार देऊन बूड उचलावं. सकाळ-संध्याकाळ पाठ आणि टाचा पाहा. लाली दिसली की त्या जागेवर भार नको. लघवीची नळी स्वच्छ हातांनी चार ते सहा तासांनी घालायला रुग्णाला स्वतःला शिकवता येतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं की संडासाची सोय होते. आणि मरणाची भाषा वारंवार येत असेल तर नैराश्यावर औषध आहे, ते घ्या.

व्रण भरायला चार महिने लागले. आता तो गावातल्या गिरणीत हिशेब लिहितो. गेल्या महिन्यात त्यानं पुन्हा सुईचं नाव काढलं. मी विचारलं, काय झालं रे? चाकाची ट्यूब पंक्चर होऊन आठ दिवस घरातच पडून होता, आणि ती काढून गावात न्यायला कुणाला सवड झाली नव्हती.